हॉस्पिटलजवळची खोली

माझा धाकटा भाऊ मलेशियात बांधकामावर वेल्डर आहे. गेल्या दिवाळीत घरी आला तेव्हा त्यानं माझा आणि आईचा पासपोर्ट करून घेतला होता. आम्हा दोघींना तिकडं फिरवायचं त्याच्या मनात होतं. आई हसली होती. "मी कुठं जातंय रे या वयात?" म्हणाली होती. पासपोर्ट आले ते तिनं किन्हवलीच्या घरी साड्यांच्या खाली ठेवून दिले.

मग एके दुपारी मला सासरी, सापगावला, फोन आला. भावाबरोबर राहणारा एक तमिळ माणूस मोडक्या हिंदीत बोलत होता. क्रेनवरून लोखंडी पत्रा निसटला आणि भावाच्या पायावर पडला. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी त्याला तेच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. तो बिचारा दर वेळी तेवढंच सांगत राहिला.

संध्याकाळच्या एसटीनं मी किन्हवलीला गेले. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. मी सांगितल्यावर सूप तिच्या हातातच राहिलं. "कुठला पाय?" एवढंच तिनं विचारलं. मला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावाशी व्हिडिओवर बोलणं झालं. चेहरा सुजला होता, आवाज खोल गेला होता. आम्ही येतो म्हटल्यावर तो आधी नको म्हणाला. शेवटी म्हणाला, "ताय, आलात तर या. पण गावात कुनाला सांगू नको. फिरायला चाललोय सांग. माझ्यावरून आईला कोनी काय विचारायला नको."

विमानाची तिकिटं माझ्या नवऱ्यानं काढली. राहायची सोय मी बघायची ठरली. भावाची जागा म्हणजे एका खोलीत दाटीनं झोपणारे कामगार, तिथं आम्ही दोन बायका कुठं राहणार? मी मोबाइलवर हॉटेलं शोधायला बसले. आई शेजारी बसली होती. ॲपमध्ये पहिल्यांदा आली ती पोहण्याच्या तलावांची, उंच गच्च्यांची हॉटेलं. मी हॉस्पिटलचं नाव टाकलं आणि त्याच्या जवळची, त्यातली स्वस्त, अशी यादी काढली. एका हॉटेलखाली लोकांनी लिहिलं होतं की बाहेर सतत ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजतो, बघण्यासारखं जवळ काहीच नाही, समोर नुसतं हॉस्पिटल. आमच्यासाठी तेच हॉटेल बरोबर होतं.

"तिथं चूल असंल का गो?" आईनं विचारलं.

"चूल कशी असेल आई? पाणी तापवायची किटली आहे."

"मग तांदळाची कणी घेते. त्याला पेज लागंल."

पैसे भरायच्या आधी एक प्रश्न आला: प्रवास कामासाठी आहे की फिरण्यासाठी? तिसरा पर्याय नव्हता. माझं बोट तिथंच थांबलं. "काय झाला?" आईनं विचारलं. "काय नाय," म्हणाले आणि 'फिरण्यासाठी' दाबलं. मग नवऱ्याचं कार्ड परदेशी व्यवहाराला चालेना. ते त्यानं बँकेच्या ॲपमधून चालू केलं, तर ओटीपी येईना, कारण त्याच्या सिमला किन्हवलीच्या घरात रेंजच धड नाही. मी त्याचा मोबाइल घेऊन देवळाच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. तिथं बसलेल्या दोन बायकांनी विचारलं, "काय गो, काय चाललाय?"

मी म्हणाले, "हॉटेल बुक करतेय. आईला घेऊन मलेशियाला चालले, फिरायला."

निघायच्या दिवशी आळीतल्या बायका जमल्या. कुणी आईच्या हातात नारळ दिला, कुणी पोरांसाठी चॉकलेट आणायला सांगितलं. एकीनं तर आईला स्वतःची नवी शाल दिली, विमानात थंडी वाजते म्हणून. आई सगळ्यांना हसून हो म्हणत होती. गाडी फाट्याच्या पुढं गेल्यावर तिनं शाल काढून मांडीवर ठेवली.

हॉटेलात पोचलो तेव्हा कळलं, आमच्या खोलीला खिडकीच नव्हती. तसं ॲपवर लिहिलेलं होतं म्हणे. मी वाचताना माझी नजर त्यावरून गेली नसावी. चार भिंती, एक पलंग आणि पांढरा दिवा. आईनं पडदा दिसला म्हणून सरकवला, तर मागं भिंतच. जन्मभर जिनं उजाडताना दार उघडलं, तिला त्या खोलीत दिवस का रात्र ते कळेना. ती दार उघडं टाकून, बाहेरच्या बोळाकडं तोंड करून बसायची. काउंटरवरची मुलगी येऊन हातानं खूण करायची, बंद करा. दोनतीनदा असं झाल्यावर तीच आईला हाताला धरून खाली घेऊन गेली आणि रस्त्याकडच्या काचेजवळ खुर्ची दिली. भेटीची वेळ होईपर्यंत आई तिथं बसून समोरच्या हॉस्पिटलकडं बघत राहायची.

पहिल्या भेटीत तिनं भावाच्या चेहऱ्याकडं आधी बघितलंच नाही. पांघरुणाकडं बघितलं. डाव्या बाजूला ते मधूनच सपाट झालं होतं.

"दुखतंय का रे?"

"जो नाय ना आई, तोच दुखतो. बोटांत कळा येतात."

आईला ते समजलं नाही. मलाही नाही. तिनं पांघरुणावरून, पाय जिथं असायला हवा होता तिथं हात फिरवला. भावानं तोंड फिरवलं.

पेज ती किटलीतच करायची. पाणी उकळलं की बटण आपोआप वर यायचं, आई पुन्हा दाबायची. कितीतरी वेळ तेच. खोलीभर भाताचा वास भरायचा, बाहेर जायला वाट नव्हती म्हणून उश्यांनाही तोच वास लागला. नर्सला विचारून आम्ही डब्यातून ती पेज न्यायचो. भाऊ मीठ कमी आहे म्हणायचा आणि सगळी संपवायचा.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं विषय काढला. "घरी चल. भात आहे आपला. मी आहे."

"घरी येऊन काय करू? आवणाला चिखलात उभा राहू एका पायावर?"

"नुसता बसून राहा. मी काय म्हनतंय का तुला?"

"तू नाय म्हननार. पण मला नाय जमनार आई." तो सावकाश बोलत होता, आधीच ठरवून ठेवल्यासारखं. "नकली पाय लावून देनार आहेत. स्टोअरमधी बसायचं काम देतो बोललेत. इथं मला कोनी ओळखत नाय, तेच बरं आहे."

आई डबा पुसत राहिली. डबा केव्हाच कोरडा झाला होता.

गावी परतल्यावर सगळ्या बायका पुन्हा जमल्या. काय काय बघितलं? आईनं सांगितलं, दोन उंच मनोरे आहेत, ढगात जातात. ते तिनं हॉस्पिटलच्या जिन्यावरच्या खिडकीतून लांबून पाहिले होते. रस्ते आरशासारखे आहेत. हॉटेलातल्या माणसांनी खुर्ची देऊन बसवलं. ती इतकं चांगलं सांगत होती की मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले.

महिन्याभरानं शाल देणारी शेजारीण नवऱ्याला घेऊन आईकडं आली. मी तेव्हा तिथंच होते. त्यांच्या मुलानं पैसे दिले होते, त्यांनाही मलेशिया बघायचा होता. शेजारीण मला म्हणाली, "तुज्या आईला बुक केलेलास तेच हॉटेल आमालाबी करून दे. आमाला काय ठावं नाय त्यातला."

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "ते नको. ते हॉस्पिटलजवळ आहे."

"मग काय झाला?"

"माज्या पोराचा पाय गेला तिथं," आई म्हणाली आणि तोवर कधी रडली नव्हती ती रडली.

शेजारीण तिच्याजवळ सरकली, पाठीवर हात ठेवून बसली. तिनं कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही, पण दोन दिवसांत सगळ्या गावाला कळलं. लोक येऊ लागले. हळहळायचे, पोराचं लग्न कसं होणार म्हणायचे, त्याला इकडं आणा म्हणायचे. कुणीतरी थेट भावालाच फोन लावला. त्यानंतर बरेच दिवस त्यानं आमचा फोन उचलला नाही.

आता पुन्हा उचलतो. रविवारी मी किन्हवलीला गेले की आम्ही व्हिडिओ लावतो. तो मोबाइल असा ठेवतो की छातीच्या वरचाच भाग दिसावा. कामावर जातो म्हणतो, नकली पाय कातडीला घासतो म्हणतो, पण चालतं. या दिवाळीला सुट्टी नाही म्हणाला. त्याच्या पुढच्या दिवाळीचं आईनं विचारलं नाही. ती त्याला जेवलास का विचारते, काय जेवलास ते विचारते, आणि मग बोलायला काही उरत नाही तरी मोबाइल बंद करू देत नाही.