डोमनलालचे शंभर किलो

माझा चुलतभाऊ डोमनलाल याची बिरसीच्या बाजूला बारा एकर धानाची जमीन आहे आणि तिच्या चिखलाला गेल्या वीस वर्षांत त्याचा पाय लागलेला नाही. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू झाला की हा शेताच्या धुऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत छत्री उघडून बसतो. समोर बाया वाकून पऱ्हे लावतात, त्यांच्यात याची बायको मुन्नीबाईही असते. जेवायलाही याला टेबल लागतं. खाली बसणं हे मजुराचं लक्षण, असं त्याचं ठाम मत. अशा माणसाचे गुडघे वाकणं विसरले तर दोष कोणाला द्यायचा?

गेल्या वर्षी एका पंगतीत तो खाली बसला आणि उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं. कोणीतरी व्हिडिओ काढला आणि तो सगळ्या सोयऱ्यांत फिरला. हे त्याच्या जिव्हारी लागलं, कारण सोनिकाचं, त्याच्या एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आमच्यात मुलीच्या आईबापानं जमिनीवर बसून जावयाचे पाय हळदीच्या पाण्यानं पखारायचे असतात. तिथं खुर्ची चालत नाही. "पोरीच्या मांडवात मले कोणी उचललं त मी तोंड कसं दाखवू?" असं मला म्हणाला आणि गोंदियातल्या एका जिममध्ये त्यानं नाव घातलं.

तिथं शिकवणारा टिकेश चाळिशीतला, शहाणा माणूस. त्यानं याला मशीनजवळ जाऊच दिलं नाही. सतरंजी टाकली.

"काकाजी, एक गुडघा टेका, दुसरा पाय पुढं घ्या, मांडीवर हात रोवा न् उठा. रोज वीस बार. मंग भरली बादली घेऊन चाला."

डोमनलाल भडकला. "अबे, हे त माह्या बांधीतल्या बाया रोजच करतेत! मी कायले पैसे देऊन मजुरी करू? मले मशीन पायजे!"

घरी येऊन खाटेचा पाय धरून त्यानं मुन्नीबाईला टिकेशची नक्कल करून दाखवली आणि स्वतःच पोट धरून हसला. ती तांदूळ निवडत होती. तिनं नीट पाहून घेतलं.

मग चार महिने मशीन. रेलून बसायचं आणि पायांनी वजन ढकलायचं. तिथंही पठ्ठ्यानं खुर्चीच शोधली! शंभर किलो ढकलले त्या दिवशी सगळ्या सोयऱ्यांना फोटो गेले. मी विचारलं, "खाली बसून पाहिलं का एकदा तरी?"

"मी शंभर किलो ढकलून राहिलो. माह्यं वजन ब्यांशी. काऊन नाही उठणार?"

या अकलेला हात जोडण्याखेरीज मी काय करणार होतो?

लग्नात तो बसला, म्हणजे धपकन पडलाच. पाय पखारून झाले. मुन्नीबाई भरली परात घेऊन, कुठंही हात न टेकता, उठली. डोमनलाल पुन्हा पाय धुऊ लागला. मग तिसऱ्यांदा. नवरदेव भुवनेश्वर हळूच म्हणाला, "बाबूजी, झाले ना?" मागं एक मोबाइल वर झाला. डोमनलालचं तोंड रडवेलं झालं. मला त्याची कीव आली, आणि मी कीव करणारा माणूस नाही.

मुन्नीबाईनं परात खाली ठेवली आणि ती परत त्याच्या शेजारी बसली. "नमस्कार राह्यला आमचा," ती मोठ्यानं म्हणाली. मग अगदी हळू, जवळ उभ्या असलेल्या मलाच काय ते ऐकू आलं, "एक गुडघा टेका. दुसरा पाय पुढं घ्या. हात माह्या खांद्यावर ठेवा."

दोघं बरोबर उठले. तो थरथरत होता, पण उठला. मोबाइल खाली गेला.

जेवणाच्या वेळी त्यानं मला गाठलं. "पाह्यलं ना? कोणी उचललं का मले? याले म्हणते मशीन!"

त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला मनापासून वाटलं. तेवढ्यात मुन्नीबाई बुंदी वाढत समोरून गेली. तिच्या नव्या शालूच्या खांद्यावर हळदीचा पंजा उमटला होता, पाचही बोटं मोजून घ्यावीत असा. तो त्यालाही दिसला. डोमनलाल बोलता बोलता थांबला आणि बसायला खुर्ची शोधू लागला.