त्या वर्षी कौल पडलाच नाही

गेल्या वर्षी जूनपासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे चांगले पाच महिने, माझ्या एकुलत्या एका मुलाचा आवाज माझ्या कानावर पडला नव्हता. दोष सगळा माझा होता, पण ते तेव्हा कबूल करेन तर मी कसला! रोज सकाळी आंघोळ करून देवापुढे दिवा लावत होतो, अगरबत्ती ओवाळत होतो, आणि मनात मात्र, देवा, तू काही खरा नाहीस, असंच चाललेलं असायचं. बावीस वर्षं बहारीनमध्ये राबून ज्याला अमेरिकेत इंजिनीअर व्हायला पाठवला, त्या चिन्मयने दुसरं वर्ष संपताच इंजिनीअरिंग सोडलं आणि त्याच कॉलेजात शिकून लहान मुलांना शिकवणारा मास्तर व्हायचं ठरवलं. व्हिडिओ कॉलवर हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. "मास्तरच व्हायचं होतं तर सातासमुद्रापार कशाला गेलास? यापुढे मला फोन करू नकोस," असं बोलून मी फोन आपटला. त्याने माझं म्हणणं तंतोतंत ऐकलं. मी बहारीनमधल्याच सित्रा बेटावरच्या वर्कशॉपमध्ये ड्युटीवर गेलो की तो आईला फोन करायचा, आणि मी हूरा भागातल्या आमच्या घरी परतायच्या आत ठेवायचा. सरावासाठी तो तिथल्या एका शाळेत शिकवायला जातो, हेही मला तिच्याकडूनच कळलं.

या गोष्टीत फुटबॉल येतो, म्हणून त्याबद्दल आधी सांगतो. अमेरिकेतला फुटबॉल वेगळा. बॉल अंड्यासारखा, आणि पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात. चिन्मयचं कॉलेज आणि शेजारच्या राज्यातलं एक कॉलेज यांची पिढ्यान्पिढ्यांची खुन्नस. वर्षातून एकदा नोव्हेंबरात त्यांचा सामना होतो, आणि त्या आठवड्यात तिथली माणसं जेवणखाण विसरतात. पहिल्या वर्षी चिन्मय म्हणाला, "बाबा, हॉस्टेलमध्ये सगळे प्रेडिक्शन देतायत. तुम्ही पण द्या ना." मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग मी गंमत म्हणून आमच्या गावच्या पद्धतीने देवाला कौल लावला.

आमच्याकडे सिंधुदुर्गात अडलं-नडलं की देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्या काकांनी मला लहानपणीच बजावलं होतं, एकदा विचारलं की देव देईल तो कौल निमूट घ्यायचा, परत विचारायचं नाही. मी आमच्या छोट्या पितळी रामेश्वराला कौल लावला, आणि चिन्मयला कळवलं, तुमचीच टीम जिंकणार. जिंकली! दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. हॉस्टेलच्या फळ्यावर पोरं इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'बाबांचा कौल' लिहायला लागली, आणि मी इकडे कॉलर ताठ करून फिरायला लागलो.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी बायकोलाही सांगितली नव्हती. पहिल्या वर्षी आधी पडली होती ती डावी पाकळी. पोराचा हिरमोड कशाला करायचा म्हणून मी ती गुपचूप उचलून परत चिकटवली, आणि उजवी पडेपर्यंत बसून राहिलो. खेळ त्यांनी जिंकला, त्यामुळे माझी चोरी पचली. पण ज्या खेळातलं मला काही कळत नाही, त्यात मी पोराच्या मनासारखं व्हावं म्हणून देवाशी लबाडी केली, आणि त्याच्या आयुष्याचा प्रश्न आला तेव्हा त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. त्या पाच महिन्यांत हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

त्या गुरुवारी मी ड्युटीवरून आलो तर सुलभा, माझी बायको, दारातच फोन घेऊन उभी. चिन्मयचा इंग्रजीत मेसेज होता, 'बाबांना विचार, यंदाचा कौल काय? पोरं विचारतायत.' मी म्हटलं, "पोरं विचारतायत ना? तो कुठे विचारतोय?" सुलभा भडकलीच. "अहो, ते नाक दोन दिवस कपाटात ठेवा की जरा! पाच महिन्यांनी लेकराने तुमचं नाव काढलंय." मी तणतणत आंघोळीला गेलो. पण दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. सकाळी आंघोळ करून देवापुढे बसलो. वाऱ्याने पाकळी हलायला नको म्हणून पंखा, एसी सगळं बंद केलं, शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या करून लावल्या, आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रामेश्वरा म्हाराजा, आज ह्या लेकरान तुका गाऱ्हाणा घातला आसा. अमेरिकेत जो खेळ होतलो, तेच्यात आमच्या चिन्मयची बाजू जिकतली असात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!" मागून सुलभा म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

पाकळ्या हलल्या नाहीत. अर्धा तास गेला, तास गेला, दोन तास गेले. सुलभाने आणून ठेवलेला उपमा गार झाला. माझ्या पायांना मुंग्या आल्या, घाम मानेवरून उतरायला लागला. पाकळ्या आपल्या जागच्या जागी. एकदा वाटलं, हळूच फुंकर मारावी, उजव्या बाजूने. कोण बघतंय? मी श्वास घेतलासुद्धा, पण फुंकर मारली नाही. पहिल्या वर्षीची ती डावी पाकळी डोळ्यांपुढे आली आणि मला देवाची भीती वाटली. खरी भीती, लहानपणी वाटायची तशी. जागेवरून उठलो, चपला घातल्या आणि जिना उतरून रस्त्यावर आलो.

जुम्म्याची नमाज नुकतीच सुटली होती. दुकानं बंद होती. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकलो आणि तोंडातून निघून गेलं, "काय करू रे म्हाराजा!" मशिदीकडून येणारे एक म्हातारे गृहस्थ थबकले. पांढरी टोपी, पांढरी दाढी, हातात तसबीची माळ. "म्हाराजा म्हणालात, म्हणजे आमच्याच बाजूचे तुमी," ते म्हणाले. "मी राजापूरचा. मुलीकडे आलोय दोन महिने." आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. काय झालं मला कोण जाणे, जे सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं ते सगळं मी त्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं. मास्तरकी, फुटबॉल, कौल, चोरी, सगळं. मध्येच ते हसले, "बॉल हातात घेऊन पळतात नि त्याला फुटबॉल म्हणतात? कमाल हाय!" मग तसबीचे मणी ओढू लागले.

"माझा मोठा मुलगा मस्कतला होता," ते म्हणाले. "आमचं बिनसलं होतं. एकदा त्याने भावाकरवी विचारलं, अब्बांना विचार, दारच्या कलमाला मोहोर आलाय काय? मी म्हटलं, त्याला काय करायचंय मोहोराशी? घर सोडून गेला ना? झालं. परत त्याने काही विचारलं नाय."

मी विचारलं, "मग आता?"

"आता तो नाय," ते म्हणाले. "मोहोर आला होता हो त्या साली. भरपूर आला होता. एवढं सांगायला काय जात होतं माझं?" ते गुडघ्यावर हात टेकून उठले, माझ्या खांद्यावर थोपटलं, "सांभाळा, इंशाल्ला सगळं नीट होईल," म्हणाले आणि चालू लागले. मी त्यांचं नावही विचारलं नाही. नंतर कित्येक शुक्रवार त्या गल्लीत उभा राहिलो, पण ते परत दिसले नाहीत.

घरी आलो. पाकळ्या होत्या तशाच होत्या. देवाला हात जोडले आणि म्हटलं, तुला नाही बोलायचं तर नको बोलूस, मीच बोलतो. फोन घेतला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा चिन्मयला स्वतः लिहिलं, मराठीतच, एका बोटाने टाइप करत. 'यंदा कौल पडला नाही. पहिल्या वर्षी मी लबाडी केली होती, डावी पडली होती. कोण जिंकणार मला माहीत नाही. तू खूश व्हावास म्हणून तुमची टीम जिंकावी असं वाटतं. तू ज्या मुलांना शिकवतोस ती कशी आहेत?' पाठवून दिलं. त्या दिवशी उत्तर आलं नाही. शनिवारी सकाळी देवघर पुसताना सुलभाला दोन्ही पाकळ्या सुकून खाली पडलेल्या दिसल्या. आधी कुठली पडली ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. शनिवारभरही उत्तर आलं नाही. सुलभा दर तासाला माझ्याकडे बघायची आणि मी दुसरीकडे बघायचो.

त्यांच्याकडची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमची रविवारची पहाट. कंपनीच्या बसमध्ये सगळे पेंगत होते आणि मी खिडकीशी फोनवर सामना बघत होतो. आमची टीम पुढे होती. सित्राचा पूल ओलांडला तेव्हाही पुढे होती. वर्कशॉपच्या गेटशी बस थांबली आणि अगदी शेवटच्या क्षणी समोरच्यांनी लांबून बॉल मारला, तो दोन खांबांच्या मधून गेला आणि आम्ही हरलो. मी बसमधून उतरलो. एरवी देवाला चार शब्द सुनावले असते, पण त्या दिवशी मनात तक्रार नव्हती, मागणं नव्हतं, काहीच नव्हतं. नुसता उभा राहिलो.

फोन वाजला. चिन्मयचा. मागे स्टेडियमचा गोंगाट, आणि त्याचा आवाज बसलेला. "बाबा, वी लॉस्ट."

"बघितलं रे," मी म्हटलं.

"तुम्ही बघत होता?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "तुमचा मेसेज मी दहा वेळा वाचला. काय लिहू ते कळेना." आणि तो त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत, मध्येमध्ये इंग्रजीत, सांगत सुटला. वर्गात एक मुलगी आहे, सात वर्षांची, तिला वाचताच येत नव्हतं, गेल्या आठवड्यात तिने पहिल्यांदा अख्खं पान वाचलं आणि आनंदाने बाकावर चढली. बसमधली माणसं आत गेली, हजेरीची वेळ टळली, वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. बावीस वर्षांत मला कधी उशीर झाला नव्हता. मी फुटपाथवर बसून ऐकत राहिलो. पोरगा इतकं गोड बोलतो हे मला ठाऊकच नव्हतं. शेवटी तो चाचरत म्हणाला, "बाबा, डिसेंबरमध्ये सुट्टी आहे. मी घरी येऊ का?"

स्वतःच्या घरी यायला माझ्या मुलाला परवानगी मागावी लागली. "ये रे बाबा," एवढंच म्हणता आलं. पुढचं रडण्यात गेलं, तिकडेही आणि इकडेही.

ते म्हातारबाबा कोण होते, मला माहीत नाही. राजापूरचा एक दुःखी बाप, एवढंच मी म्हणेन. देव त्या दिवशी गप्प का राहिला, याचाही मी खल करत नाही. आजवर देवाकडून मला हवं तेच वदवून घ्यायची माझी धडपड असायची, पोराकडूनही तीच. आता गाऱ्हाणं घालतो, पण त्यात काही विचारत नाही. तू ठेवशील तसं राहतो, इतकंच म्हणतो, आणि त्या अनोळखी बाबांच्या मस्कतच्या मुलासाठी हात जोडतो. मागून सुलभा "व्हय म्हाराजा" म्हणते. डिसेंबरात चिन्मय घरी आला त्या पहिल्याच दिवशी तिच्या आवाजात त्याचाही आवाज मिसळला.