पहिल्या हाकेला ओ

माल्यात, घाटातल्या त्या लहानशा गावात, बालवाडी निघाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि चौथीनंतर शाळा सुटलेली. तापीकाठचं माझं गाव तिथून इतकं लांब, की पत्राचं उत्तर यायला पंधरा दिवस लागत. तरी तिथल्या शाळेच्या गुरुजींनी मला बालवाडीच्या कामावर घेतलं. "तीन महिने बघू, मग कमिटी ठरवील," म्हणाले. बालवाडीच्या कमिटीचे चिटणीस तेच. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले, आणि आज ते असते तर पुन्हा पडले असते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून मला कुणी कृतघ्न म्हणू नये.

पंचायतीचा रेडिओ चावडीवर होता. दर शुक्रवारी दिवेलागणीला त्यावर भुताखेतांची श्रुतिका लागे, दर वेळी नवी गोष्ट. पुरुष ओसरीवर, आम्ही बायका पायरीच्या अंगाला. संपली की गुरुजी पोस्टकार्ड काढत. गावाचा अभिप्राय पुण्याच्या रेडिओ केंद्राला कळवायचा, हा रिवाज त्यांनीच घातलेला. 'कथा रोमांचक, अभिनय उत्कृष्ट' असं लिहून कार्ड फिरवत. ज्यांना येई ते सही करत, बाकीच्यांचे अंगठे. आठ शुक्रवार मीही सही केली. बरं वाटे, चौथीचा काही तरी उपयोग झाला म्हणून.

नवव्या शुक्रवारची गोष्ट डोंगरातल्या एका घराची होती. नवरा दरीत पडून मेलेला, बायको एकटी भाकरी थापतेय, आणि बाहेरून त्याच्याच आवाजात हाक येते. बायकोचं काम करणारी नटी त्याच श्वासात म्हणाली, "ओ, आले हो." मग दार उघडून जी किंचाळली, ती शेवटचं संगीत थांबेपर्यंत.

मी माल्यात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी विहिरीवर गेले होते, भर दुपारी. करवंदीच्या जाळीमागून कुणी हाक मारली. मी ओ देणार, एवढ्यात माझ्या खोलीची मालकीण, जिला मी आत्या म्हणायचे, तिने ओला तळवा माझ्या तोंडावर दाबला. "तीनदा आल्याबिगर ओ द्यायची न्हाई, पोरी. मानसाची आसंल तर येईल की." तिसरी हाक आली. शेळी शोधणारा गुराखी होता. पण मधल्या वेळात विहिरीवरच्या एकाही बाईची बांगडी वाजली नव्हती.

त्या नवव्या शुक्रवारी कार्ड माझ्यापाशी आलं.

"मी नाही सही करणार, गुरुजी."

"का हो बाई, पेन चालत नाही का?"

"अभिनय उत्कृष्ट नव्हता."

ओसरीवरून सरपंचांचा भाऊ म्हणाला, "आता बाई पुन्याच्या नटीला शिकवनार." हशा पिकला.

गुरुजी हसले नाहीत. "पहिल्याच हाकेला ओ दिली, ही लेखकाची चूक. त्यात नटीने काय करायचं? हे शिकलेल्या माणसांचे विषय आहेत, बाई."

तीन महिने भरायला तीन आठवडे उरले होते. काम गेलं तर भावजयीच्या दारात जाऊन उभं राहायचं, दुसरी जागा नव्हती. 'चुकलं' म्हणून सही केली असती तर सगळं तिथेच मिटत होतं. पण जीभ ऐकेना.

"शब्द लेखकाचे, पण श्वास तिचा होता. भ्यालेलं माणूस आधी गप्प होतं. हातातली भाकरी थांबते, गुरुजी. तिचं थापणं चालूच होतं. मला चौथीपुढचं काही येत नाही, पण भ्यायचं येतं. या गावात मी रोज भिते. आता तुम्हालाही भितेय."

मग आत्या म्हणाली, "माझाबी अंगठा नगं त्यावर. भाकर करपल्याचा वास तरी यायचा."

"रेडिओतनं वास कुटनं येनार गं?" सरपंचांच्या भावाने विचारलं.

"मग भ्या तरी कुटं आलं?"

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं आणि कार्ड खिशात घातलं. त्या आठवड्यात ते गेलंच नाही.

सोमवारी ते बालवाडीत आले आणि कोरं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. "तुमचं मत तुम्ही लिहा. शुद्धलेखन मी तपासणार नाही. खाली नाव तुमचं, गावाचं नाही." ही परवानगी की धमकी, मला कळेना. मी लिहिलं: 'बाईंना भीती वाटली नाही. त्यांनी आधी गप्प बसावं.' पेटीत मीच टाकलं. उत्तर आलं नाही. दोन शुक्रवारांनी तीच नटी एका सासुरवाशिणीचं काम करताना पुन्हा तशीच किंचाळली. मी याही वेळी सही केली नाही.

तीन महिने भरून कमिटी बसली तेव्हा मी चावडीच्या पायरीपाशी उभी होते. आत काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही. गुरुजी बाहेर आले. "उद्यापासून तुम्ही कायम. फक्त हा हट्ट पोरांना शिकवू नका."

मी त्यांच्या पाया पडले. 'चुकलं' मात्र म्हणाले नाही.