अंथरुणासाठी भुसा

देवपुरात माझी रोपवाटिका आहे. एका दुपारी साठीच्या एक बाई आल्या आणि पोत्यांपुढे खालीच बसल्या. लाकडाचा भुसा त्यांनी हुंगला आणि नाक मुरडून परत टाकला. वाळू गालावर घासून पाहिली. तीही नको म्हणाल्या. नारळाच्या काथ्याचा भुसा मात्र त्यांनी ओला करायला लावला आणि मुठीत घट्ट दाबला. पाणी ठिबकलं नाही, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला.

"कोणतं झाड लावायचंय, अक्का?" मी विचारलं.

"झाड नही, भाऊ. त्याले आंथराले पाहिजे. दिवसभर पोटवर पडेल ऱ्हास. वाळू टोचस त्याले."

घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असावं, असं वाटून मी हळहळलो. तेवढ्यात त्यांनी मोबाइल पुढे धरला. बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेचं कपाट होतं आणि आत मांडीएवढा जाड अजगर पसरला होता. माझ्या हातातलं पोतं खाली पडलं.

"मना पोऱ्यानी आनेल शे," त्या म्हणाल्या. "पोऱ्या अपघातमा गया. मांगे हाऊच शे."

"भीती नाही वाटत?" मी कसंबसं विचारलं.

"वाटस ना, रोज वाटस. पन मना पोऱ्याना हात वळखनारा घरमा आते हाऊ एकलाच शे."

त्या बाहेर उभ्या असलेल्या रिक्षात जाऊन बसल्या. पोतं उचलून मी रिक्षात मागच्या बाजूला ठेवायला गेलो.

"तठे नको, भाऊ," त्या म्हणाल्या. "मना मांडीवर द्या."