स्नॅपशॉट उडवला, लग्नाचा व्हिडिओ ठेवला

मंडळी, आज डोकं फिरलंय. हे लिहिल्याशिवाय जेवण गळ्याखाली उतरणार नाही.

कोप्पीकर रोडवरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबचं रिपोर्टचं जुनं सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या कॉम्प्युटरमध्ये. त्यातली विंडोज आज अपग्रेड करायची होती. बिघडलंच तर पहिल्यासारखं करता यावं म्हणून मी कालच स्नॅपशॉट, म्हणजे त्या मशीनची आहे तशी प्रत, काढून ठेवला होता.

सकाळी अपग्रेड झालं आणि सॉफ्टवेअर उघडेना. म्हटलं, घाबरायचं कशाला? बघते तर स्नॅपशॉटच गायब!

आमचे मालक अण्णा शांतपणे म्हणाले, "मीच काढून टाकला. एकच मशीन दोनदा कशाला ठेवायचं? लेकीच्या लग्नाच्या व्हिडिओला जागा पुरेना."

मी चिडले, तर वर मलाच, "एनू आगंगिल्ल! काही होत नाही, नवीन टाक."

समोर बाकावर कलघटगीहून आलेल्या मावशी. उद्या ऑपरेशन, डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितलेला, आणि तो त्याच सॉफ्टवेअरमध्ये. अण्णांनी त्यांना सांगितलं, "आमच्या बाईंनी कॉम्प्युटर बिघडवला. तोवर लग्न बघा." आणि टीव्हीवर व्हिडिओ लावला. तो मात्र लगेच उघडला!

अक्षता पडेपर्यंत मावशींनी लग्न बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अक्का, माझा रिपोर्ट?"

सांगा, काय उत्तर द्यायचं होतं मी?