रजा विकलेला माणूस

चिखलीच्या सकाळच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर जेवणाचा डबा आणि बस जरा रेंगाळली की घड्याळाकडे रागाचा कटाक्ष. मी त्याला मोठा साहेबच समजत होतो. म्हणून एकदा त्याच्यापुढे बढाई मारली, "आपन तं रजाच घेत नाही. बोनस म्हनून आमचे साहेब दिवाळीले नुसता हात मियवतात. रिटायर होतानी शिल्लक रजेचे पैसे भेटतीन, तोच माहा बोनस!"

त्यानं डबा घट्ट धरला. "मलेही भेटले. त्याच्यात घरावर एक खोली चढवली. रिटायर होऊन झाले दोन वर्सं."

"मंग रोज कुठं जाता?"

"बाजार समितीत. झाडाखाली डबा खातो आन् वापस येतो. घरी बसलो का बायको इचारते, आज काऊन नाही गेले? सुट्ट्या सगळ्या इकून टाकल्या ना भाऊ, घरच्याईले माही सवयच नाही राह्यली."

मी हसलो खरा, पण मला माझाच हिशेब आठवला. मेहुणीच्या लग्नाला शेगावला बायकोला एकटीलाच पाठवायचं, हे मी रजा वाचवण्यासाठी ठरवून टाकलं होतं. त्याच दिवशी अर्ज दिला. साहेबांनी काळजीनं तब्येत विचारली.

संध्याकाळी बायकोला ऐटीत सांगितलं, "हप्ताभर रजा घेतली. मीही येतो लग्नाले."

तिचा साडी घडी करणारा हात थांबला.

"हप्ताभर? लग्न तं दोन दिवसाचं हाये. बाकीचे दिवस ऑफिसले वापस नाही करता येत काय?"