मामांच्या उशीखालचा चार्जर

मंगळवेढ्याकडची शेती धाकट्या दिरांवर सोपवून माझे सासरे आमच्याकडे सोलापूरला राहायला आले, त्याला दोन वर्षं झाली. आम्ही त्यांना मामा म्हणतो. माणूस साधा, जेवणाखाण्याची कधी तक्रार नाही. पण दुपारी जेवण झालं की मोबाइल चार्जिंगला लावायचा, उशीखाली सारायचा आणि त्यावरच डोकं टेकून झोपायचं, या एका सवयीने त्यांनी मला हैराण करून सोडलं होतं.

चार्जिंगला असताना मोबाइल तापतो, उशीखाली हवा लागत नाही, एखाद्या दिवशी गादी पेटेल, हे मी सांगून सांगून थकले. ते मान डोलवायचे. मी चार्जर काढून स्वयंपाकघरातल्या बोर्डाला लावायची. शाळेत शिकवून घरी येईपर्यंत तो पुन्हा पलंगामागे गेलेला असायचा. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणे, तूच सांग, तुझं ऐकतात. त्यात मोबाइलसोबत आलेला चार्जर बिघडला, तेव्हा मामांनी नवी पेठेत रस्त्यावरून एक आणला. इतका हलका की आत काही आहे की नाही, असं वाटावं. टाकून द्या म्हटलं, तर म्हणाले, "चालतोय की."

मार्चमधली दुपार होती. शाळेतून आले तर जिन्यातच रबर जळल्याचा वास आला. माझ्याकडच्या किल्लीने लॅच उघडून आत गेले. मामा पलंगाजवळ उभे होते, हातात पाण्याचा तांब्या, आणि उशीखालून काळा धूर निघत होता. चार्जर अजून भिंतीवरच्या बोर्डालाच लावलेला होता. थांबा म्हणून ओरडले, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी दाराजवळचा मेन स्विच पाडला, मग जाऊन त्यांचा हात धरला. वायर उपटली आणि बादलीभर पाणी आणून ओतलं. फुगलेला मोबाइल सांडशीने उचलून बाल्कनीच्या फरशीवर ठेवला. उशीचा कोपरा आणि चादर करपली होती. चटका बसला म्हणून मामा जागे झाले होते. कानामागे लाल चट्टा उठला होता. बराच वेळ त्यावर गार पाणी धरलं, मग दवाखान्यात नेलं.

परत येताना रिक्षात माझा संयम सुटला. किती वेळा सांगितलं होतं, असं मी ओरडूनच विचारलं. ते म्हणाले, "फोन कानाला लावला की बोलनं कळतंय, पर मला रिंग ऐकू येत न्हाय. माझ्या थोरल्या भावाचा फोन येतोय दुपारी, त्याची मेंढरं सावलीला बसली की. उशीखाली थरथरला म्हंजे कळतंय."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"कान गेलं म्हनून सांगायचं व्हय?"

दोन वर्षं मी नीट ऐकू न येणाऱ्या माणसाला ओरडून सांगत होते, हे कळल्यावर राग कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच, आणि त्यातला थोडा स्वतःवरचा होता.

आता नवा मोबाइल आणि चांगला चार्जर आहे. सकाळी मोबाइल ओट्याच्या दगडावर चार्ज होतो, मामा समोर खुर्ची टाकून बसतात आणि भरला की स्वतः वायर काढतात. दुपारी नुसता मोबाइल उशीशेजारी असतो. कानाचं मशीनही आणलंय. ते मात्र खराब होईल म्हणून डबीतच ठेवतात.